सुचत नाही, वगैरे

१९७४ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस’ या मानसशास्त्राच्या नियतकालिकात डेनिस अपर यांचा एक शोधनिबंध छापून आला. विषय होता ‘रायटर्स ब्लॉक’वर त्यांनी स्वतःच स्वतःवर केलेला आणि फसलेला उपचार. वर शीर्षक, खाली लेखकाचं नाव, आणि त्याखाली कोरं पान. सोबत एका परीक्षकाचा शेरा होता, की हस्तलिखित लिंबाचा रस लावून आणि एक्स-रे काढूनही तपासलं, पण त्यात काही दोष सापडला नाही. पन्नास वर्षं होऊन गेली तरी हा विनोद चालतोच आहे. मी ज्या लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर आहे तिथे कुणी ‘हल्ली काही सुचतच नाही यार’ असं टाकलं की थोड्याच वेळात कुणीतरी हे पान टाकतं.

विनोद झकास आहे. माझी तक्रार त्यातल्या कोऱ्या पानाबद्दल आहे. अडलेल्या माणसाचं पान कोरं असतं, हे अशा विनोदांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलं. प्रत्यक्षात मी अशी जेवढी पानं पाहिली आहेत (मित्रमैत्रिणींची, आणि ऑफिसचा लॅपटॉप मिटल्यावर रात्री उघडलेली माझी) त्यातलं एकही कोरं नव्हतं. फोनच्या नोट्समध्ये एकाच कथेच्या अकरा सुरुवाती असतात. स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजांमध्ये अर्धीमुर्धी वाक्यं असतात. गूगल डॉक्सची जुनी व्हर्जन्स उघडून पाहिली तर एकच परिच्छेद रात्रभर लिहिलेला आणि पुसलेला दिसतो. माल भरपूर आहे. तो पुढे सरकत नाही, कारण दारात कुणीतरी खुर्ची टाकून बसलंय आणि आत येणाऱ्या प्रत्येक वाक्याला ओळखपत्र मागतंय.

हा लेख त्या खुर्चीवाल्याविषयी आहे. आणि ज्यांनी त्याला चकवलं अशा मराठीतल्या काही पुस्तकांविषयी. ब्लॉक कसा सुटला हे आपण लेखकांच्या मुलाखतींत शोधतो. पहाटे उठलो, डोंगरात गेलो, फोन बंद ठेवला असली उत्तरं तिथे मिळतात. माझं म्हणणं असं, की ते पुस्तकातच शोधावं. एखादा शब्द, एखादं सर्वनाम, एखादी बोलण्याची लकब सापडते आणि तिच्या आडून लेखक आत शिरतो. त्या खुणा छापील पानावर राहिलेल्या असतात.

आधी ‘सुचणं’ या क्रियापदाचं बघू. मराठीत कविता सुचते. कर्ता कविता. माणूस चतुर्थीत, ‘मला’ होऊन बाजूला उभा. भूक लागते, ताप येतो, आठवण येते, तसंच हे. ‘लिहितो’ मात्र मी. म्हणजे आपल्या व्याकरणानं कामाची वाटणी आधीच करून ठेवली आहे : सुचणं माझ्या हातात नाही, सुचल्यावर लिहिणं माझ्या हातात. मग न सुचण्याकडे आपण पावसासारखं बघतो. यंदा ओढ दिली आहे, येईल तेव्हा येईल.

रॉबर्ट बॉइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली या समजुतीची थेट चाचणी घेतली. लिहिताना अडणाऱ्या २७ प्राध्यापकांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला सांगितलं, अगदीच नड असल्याशिवाय लिहू नका, फक्त कल्पना सुचल्या तर नोंदवा. दुसऱ्यानं मनात येईल तेव्हा लिहायचं. तिसऱ्यानं ठरलेल्या वेळी लिहायचंच, नाहीतर ज्या संस्थेचा त्यांना मनापासून राग येतो तिला त्यांच्या खिशातून देणगी जाणार. (ही कल्पना आमच्या मॅनेजरच्या कानावर जाऊ नये.) तिसऱ्या गटानं जास्त पानं लिहिली यात नवल नाही. नवल हे की नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या, आणि सगळ्यात कमी सुचल्या त्या वाट बघत बसलेल्यांना. म्हणजे क्रम उलटा होता. लिहिल्यामुळे सुचत होतं.

हा प्रयोग मला पटतो, पण पुरत नाही. रोज बसा आणि लिहा, ठीक. रोज बसूनही ज्याचा एकच परिच्छेद चाळीस वेळा पुसला जातो त्याचं काय? त्याच्यासाठी माइक रोझ यांच्याकडे जायला हवं. ‘रायटर्स ब्लॉक’ हा शब्द चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ज्यांनी रुळवला ते एडमंड बर्गलर मनोविश्लेषक होते आणि त्यांचं निदान थेट तान्हेपणीच्या आईच्या दुधापर्यंत जातं. तो रस्ता मी सोडून देतो. रोझ यांचं निदान साधं आहे आणि आम्हा कोड लिहिणाऱ्यांना ते ओळखीचं वाटेल.

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांशी रोझ बोलले. त्यातले पाच लिहिताना अडायचे, पाच अडायचे नाहीत. १९८० साली त्यांनी लिहिलेल्या निबंधात फरक स्पष्ट मांडला आहे. दोन्हीकडची मुलं हुशार होती. दोन्हीकडे लिहिण्याचे नियम होते. न अडणाऱ्यांचे नियम सैल होते : जमलं तर असं कर, नाही जमलं तर सोडून दे. अडणाऱ्यांचे नियम लोखंडी होते. एका मुलीनं कुठेतरी ऐकलं होतं की पहिल्याच वाक्यात वाचकाला पकडलं पाहिजे. ते वाक्य मिळेपर्यंत तिचा दुसरा शब्द उमटत नसे. एकीला प्रत्येक वाक्य व्याकरणात चोख बसवल्याशिवाय पुढच्याला हात लावता येत नसे. एक जण लिहिण्याआधी इतका गुंतागुंतीचा आराखडा करायची की त्याचा निबंध होणंच अशक्य व्हायचं. एकाचं ठरलेलं सूत्र आधीच्या परीक्षांत चाललं होतं, आणि प्रश्न त्या सूत्रात बसला नाही की तो जागच्या जागी थिजायचा. रोझ यांनी यासाठी आमच्याच धंद्यातले दोन शब्द वापरले आहेत, अल्गोरिदम आणि ह्युरिस्टिक. पहिलं म्हणजे पायरीपायरीनं पाळलंच पाहिजे असं. दुसरं म्हणजे अंदाजाचं, बहुतेकदा कामी येणारं, चुकलं तर बदलता येणारं. अडलेली मुलं ह्युरिस्टिकला अल्गोरिदम समजत होती.

म्हणजे खुर्चीत बसलेला दुष्ट नाही. तो नियमाचा पक्का आहे, एवढंच.

आता मराठीत वाढलेल्या माझ्यासारख्याच्या दारात कुठले नियम बसलेले असतात ते बघा. शाळेतला निबंध सुविचारानं सुरू होतो आणि ‘म्हणूनच म्हटले आहे की’ इथे संपतो. मधल्या पावसाळ्यात मोर नाचलाच पाहिजे, गावात कुणी मोर पाहिला असो वा नसो. मग शुद्धलेखन. महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२चे आणखी चार, असे अठरा नियम. छपाईला नियम लागतात, त्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण ते कधी आठवावेत याबद्दल आहे. माझ्या घरी, सोलापूरच्या बाजूला, माणूस ‘आलता’ आणि ‘गेलता’. मी तसं टाइप केलं की फोन लाल रेघ ओढतो. ती रेघ वाक्य संपायच्या आत येते. लिहिणारा अजून विचारात असतो आणि निकाल लागलेला असतो. ज्यांच्या घरी पुस्तकातली भाषाच बोलतात त्यांना ही रेघ कमी वेळा दिसते. ब्लॉकसुद्धा सगळ्यांना सारखा वाटलेला नाही.

यावर हल्ली एक तोडगा आला आहे. मशीनला ‘लिहून दे’ म्हटलं की अपर यांचं कोरं पान काही सेकंदांत भरतं. मी ही साधनं रोज कामात वापरतो, त्यामुळे नाक मुरडत नाही. पण रोझ यांच्या मुलांना ती काय देतील? गुळगुळीत, प्रमाण, कुणाच्याच घरी न बोललेलं मराठी. ते वाचून स्वतःचं खडबडीत वाक्य आणखी खडबडीत दिसतं. पान भरतं आणि खुर्चीवाल्याला एक मदतनीस मिळतो.

मराठी कादंबरीच्या दारातले नियम तर छापील होते. ना. सी. फडके यांचं ‘प्रतिभासाधन’ १९३१ सालचं. गोष्ट कशी रचावी, उत्कंठा कशी वाढवावी, गुंता कसा घालावा आणि कसा सोडवावा, याचं तंत्र त्यांनी मांडलं. फडक्यांची टिंगल करणं आता फार सोपं झालंय, म्हणून एक गोष्ट त्यांच्या बाजूनं नोंदवतो : त्यांना स्वतःला या नियमांनी कधी अडवलं नाही. सत्तरच्या वर कादंबऱ्या लिहिल्या त्यांनी. त्यांचा माल आणि त्यांचे नियम एकमेकांना मापून शिवलेले होते. अडचण येते ती दुसऱ्याच मापाचा माल असणाऱ्याला. खानदेशातल्या सांगवीहून पुण्यात शिकायला आलेल्या, वसतिगृहाच्या मेसमध्ये हात पोळून घेतलेल्या, बापाशी न पटणाऱ्या आणि काहीही न मिळवता गावी परतणाऱ्या मुलाच्या आयुष्यात गुंता आहे, पण उकल नाही. त्याला तंत्रात बसवायला गेलं तर तोच उरत नाही.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. ती झपाट्यानं लिहून झाली ही दंतकथा लिहू पाहणाऱ्या प्रत्येक पोराला कुणीतरी ऐकवलेली असते, आणि माझ्या मते या दंतकथेनं जितक्यांना लिहितं केलं त्याहून जास्त लोकांना गप्प केलं. आपली कादंबरी दोन वर्षांत चाळीस पानं पुढे गेली असेल तर झपाट्याच्या गोष्टीचं काय करायचं? त्यापेक्षा पुस्तक उघडावं.

पुस्तकात दोन शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. पांडुरंग सांगवीकर ते जागोजागी पेरतो. कॉलेजात मी ते वाचले तेव्हा गंमत वाटली होती, बाकीच्यांसारखीच. नोकरीत पडल्यावर पुन्हा वाचली तेव्हा वेगळंच दिसलं. आमच्याकडे मोठा प्रोग्रॅम लिहिताना जो भाग अजून तयार नाही त्याच्या जागी एक तात्पुरता तुकडा ठेवतात. त्याला स्टब म्हणतात. तो खरं काम करत नाही, ठरलेलं काहीतरी उत्तर देतो, पण त्यामुळे बाकीचं बांधकाम अडून राहत नाही. ‘उदाहरणार्थ’ हा भाषेतला स्टब आहे. तो लावला की कुठलंही विधान शेवटचं राहत नाही. हे एक उदाहरण झालं, दुसरंही देता आलं असतं, यावर मला धरू नका. आणि ‘वगैरे’ वाक्याला पूर्णविरामाच्या आधीच मोकळं करतं. राहिलेलं तुम्ही समजून घ्या, मला पुढे जायचंय. दारातला माणूस ओळखपत्र मागतो तेव्हा पांडुरंग म्हणतो, मी आत येत नाहीये, उदाहरणार्थ येतोय. काय करणार तो?

फरक एवढाच, की आम्ही स्टब नंतर काढून टाकतो. नेमाड्यांनी ते काढले नाहीत. आणि तीच कादंबरी झाली. हे नुसत्या शब्दांपुरतं नाही. ‘कोसला’ एका सुरात चालतच नाही. मध्येच डायरी सुरू होते. मध्येच वसतिगृहाच्या काळाकडे भविष्यातल्या इतिहाससंशोधकांच्या नजरेनं पाहणारं सोंग येतं. एक प्रकार थकला की दुसरा. मला हे लहरीपणाचं वाटत नाही. सलग कादंबरीच्या आवाजात जे सांगता येत नव्हतं त्याच्यासाठी शोधलेली ही दारं आहेत.

त्याची कसोटी मनीपाशी लागते. धाकट्या बहिणीचा मृत्यू. एवढा वेळ प्रत्येक गोष्टीची टवाळी करत आलेला मुलगा तिथे पोचतो, आणि वाचणाऱ्याचा घसा दाटतो. पहिल्या पानापासून त्यानं गंभीर सूर लावला असता तर मनीपर्यंत येता येता तो सूर खोटा झाला असता. मराठीत बहिणींच्या मृत्यूवर गंभीर सूर काय कमी लागले आहेत? टवाळी ही तिथवर जायची वाट होती. जे सर्वात अवघड होतं ते लिहिता यावं म्हणून आधीचं सगळं हलकं ठेवलं होतं, असं मला आता वाटतं. नेमाड्यांच्या मनात तसं होतं का, याला महत्त्व नाही. पुस्तकात तसं आहे.

आणि मग व्हायचं ते झालं. ‘कोसला’नंतर गावाकडून शहरात आलेला प्रत्येक दुसरा नायक ‘उदाहरणार्थ’ बोलू लागला. आजही फेसबुकवर मराठी पोस्ट वाचताना पहिल्या दोन ओळींत हा सूर ओळखू येतो : थोडा तुच्छ, थोडा थकलेला, वाक्य मध्येच टाकून देणारा. एका माणसाचं ह्युरिस्टिक पुढच्यांचं अल्गोरिदम झालं. आता तोच सूर दारात खुर्ची टाकून बसला आहे, आणि ज्या मुलीला आपल्या गावाविषयी साध्या मायेनं लिहायचं आहे तिला तो विचारतो, एवढं सरळ कसं काय? मोकळं करणारी युक्ती उसनी मिळत नाही, की मिळाली तर तिचा कुलूपासारखा उपयोग होतो, यातलं कुठलं खरं ते मला सांगता येत नाही. कदाचित दोन्ही.

किरण नगरकरांनी वेगळाच मार्ग घेतला आणि तो मराठी वाचकाला अजून टोचतो. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ १९७४ची, मराठीत. पुढची ‘रावण अँड एडी’ त्यांनी मराठीत सुरू केली होती. ती पुरी झाली इंग्रजीत, आणि आली नव्वदच्या दशकात. मधे दोन दशकं गेली. त्यांना इंग्रजीचा आधार होता, तो सगळ्यांना नसतो. पण मराठी लेखकानं मराठीतच लिहावं हा नियम त्यांनी ह्युरिस्टिक म्हणून घेतला, एवढं तरी कबूल करायला हवं. दिवसभर इंग्रजीत ईमेल, इंग्रजीत मीटिंग आणि इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या भाषांत कोड लिहिणाऱ्या माझ्या पिढीला हा प्रश्न रोजचा आहे. घरच्या भाषेत वाक्य अडलं की शेजारी दुसरी भाषा दार उघडून उभीच असते. तिकडे गेलेल्यांना मी दोष देत नाही. फक्त तिकडे जाऊन ब्लॉक सुटला, की जो माल अडला होता तो अलीकडेच राहिला, हे त्यांनी एकदा तपासावं.

दया पवारांनी दारातल्या माणसासमोर दोघांना उभं केलं. ‘बलुतं’ १९७८चं. त्यात एक दगडू मारुती पवार आहे आणि एक दया पवार. एक सांगतो, दुसरा ऐकतो. शिकलेला, नोकरीत स्थिरावलेला, चारचौघांत बसणारा एक. आणि महारवाड्यातलं, कावाखान्यातलं सगळं आठवणारा दुसरा. लाज वाटते ती ऐकणाऱ्याला, म्हणून सांगणाऱ्याला सांगता येतं. मी म्हणून एकाच तोंडानं बोलायचं असतं तर यातलं किती कागदावर उतरलं असतं?

इथपर्यंत मी ज्यांची नावं घेतली त्यांना निदान कागद आणि वेळ उघडपणे मिळत होता. अमेरिकेत टिली ऑल्सन यांनी ‘सायलेन्सेस’ या १९७८च्या पुस्तकात हाच मुद्दा धरला : लिहिणाऱ्यांच्या गप्प बसण्याचा इतिहास लिहिताना आपण नोकरी, मुलं, स्वयंपाक यांच्यामुळे जे लिहिलंच गेलं नाही ते मोजत नाही. त्या स्वतः चार मुलींना वाढवत, नोकऱ्या करत वर्षानुवर्षं न लिहिता राहिल्या होत्या. हा मुद्दा वाचताना मला फलटणच्या बेबीताई कांबळे आठवतात.

बेबीताईंचं ‘जिणं आमुचं’ १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं, १९८६ साली पुस्तक झालं. त्याआधी जवळपास वीस वर्षं ते लिखाण घरात लपवलेलं होतं. छोटं दुकान चालवायचं, गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायचं, आणि नवरा किंवा मुलगा यांच्या नजरेला पडणार नाही असं ठेवून द्यायचं. फलटणला राहून काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्यामुळे ते बाहेर यायची वाट झाली. ‘काही सुचत नाही’चा इथे संबंधच नाही. रोज ठरलेल्या वेळी बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, या सल्ल्यांचाही नाही. दारात खराखुरा माणूस आहे.

आपण ‘ब्लॉक’ला मराठी शब्द शोधत असतो. अडथळा, अडसर, कोंडी. बेबीताईंच्या पुस्तकात सासुरवासाची वर्णनं आहेत, त्यात पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा जड ओंडका अडकवून ठेवत, ती त्याच्यासकट घरकाम करत असे. असल्या ओंडक्याला खोडा म्हणतात. शब्द म्हणून मला तो बाकीच्यांपेक्षा बरा वाटतो. निदान त्यात हे तरी दिसतं की तो कुणीतरी कुणाच्यातरी पायात घातलेला आहे.

आणि तरीही बेबीताईंना फॉर्म शोधावाच लागला. तो शीर्षकातच आहे. जिणं ‘आमुचं’. आजोळचं वीरगाव, महारवाडा, तिथले सण, तिथली भूक, अंगात येणाऱ्या बायका, पुढे आंबेडकरांच्या चळवळीनं बदललेली माणसं, हे सगळं सांगणारा आवाज सतत ‘आम्ही’ होत जातो. आत्मचरित्र म्हणून पुस्तक हातात घेणाऱ्याला प्रश्न पडतो, यातली बाई कुठे गेली? काही वाचक याला पुस्तकाचं वैगुण्य मानतात. मला ते उलट वाटतं. एकट्या बाईनं ‘मी’ म्हणून लिहिणं ही त्या घरात चोरी होती. समाजाचं लिहिणं ही जबाबदारी होती, आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या शिकवणीतून घेतलेली होती. ‘आम्ही’ म्हटल्यावर लिहायचा हक्क मिळाला. शिवाय ‘आम्ही’ला आठवतं जास्त. एकीला जे आठवलं नसतं ते वाड्याला आठवतं. म्हणून त्या पुस्तकात भाकरीच्या तुकड्यापासून लग्नाच्या वरातीपर्यंत इतकं काठोकाठ भरलेलं आहे.

पण ‘उदाहरणार्थ’नं जसं काही सोडून द्यायची मुभा दिली तशी ‘आम्ही’नंही दिली. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली आला, त्यात त्यांनी घेतलेली बेबीताईंची मुलाखत आहे. नवऱ्याच्या संशयाविषयी, मारहाणीविषयी बेबीताई तिथे बोलल्या. पुस्तकात हे का नाही, याचं त्यांचं उत्तर साधारण असं, की सगळ्याच बायकांच्या नशिबी ते होतं, मग आपलं वेगळं काय सांगायचं. म्हणजे ज्या ‘आम्ही’मुळे पुस्तक लिहिता आलं त्याच ‘आम्ही’नं हा भाग आत ओढून घेतला. मुलाखतीनंतर मी मूळ पुस्तक पुन्हा वाचलं, हातात पेन्सिल घेऊन, जिथे आवाज ‘आम्ही’वरून ‘मी’वर येतो तिथे समासात खूण करत. लहानपणीच्या पानांवर अशा खुणा बऱ्याच झाल्या. लग्नानंतर दुकान येतं, मुलांचं शिक्षण येतं. बायकांना बसणारा मार पुस्तकात पानंच्या पानं आहे. त्यांचा स्वतःचा नाही.